महिपतरावांची फियाट, अंजनीवहिनींची मॉरिस

खरवईच्या आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला एक पार्किंग मिळतं आणि महिपतराव शेलारांच्या घरात गाड्या दोन होत्या. याहून लहान कारणावरून सोसायट्यांमध्ये डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. शेलारांकडे नुसती तुलना झाली, आणि त्या तुलनेला मला बसायला मिळालं, याबद्दल मी त्या नवराबायकोचा मनापासून आभारी आहे.

पहिली गाडी महिपतरावांची. छप्पन सालची फियाट अकराशे. सगळी मुंबई तिला डुक्कर फियाट म्हणायची, महिपतराव नुसतं फियाट म्हणायचे. राखाडी रंग, पुढे फुगलेलं नाकाड, आणि पुढचे दोन्ही दरवाजे उलटे उघडणारे. आत शिरताना आपण गाडीत बसतोय की कपाटात ठेवले जातोय हे कळत नाही. दुसरी गाडी अंजनीवहिनींची. चोपन्न सालची मॉरिस मायनर. हिरवी, बुटकी, गोल दिव्यांची, आणि नुकतंच कोणीतरी कौतुक केल्यासारखा चेहरा. तिला वळायचं असलं की दारामागच्या खांबातून एक छोटासा नारिंगी हात बाहेर येतो. एक इटलीची, एक इंग्लंडची. अंबरनाथच्या बैठ्या घराच्या अंगणात दोघी चाळीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्यात कधी बोलाचाली झाल्याचं ऐकिवात नाही. बोलाचाली मालकांत व्हायची.

ते घर पाडून तिथे टॉवर उठायला लागला तेव्हा ती दोघं आणि त्या दोघी, असे चौघं आमच्याकडे राहायला आले. फियाट स्लॉटमध्ये लागली, मॉरिस पाहुण्यांच्या जागेत. तीन महिन्यांनी सोसायटीचा सेक्रेटरी सुजित त्यांच्या दारात उभा राहिला. मुलगा चांगला आहे, फक्त त्याला नियम आवडतात.

"काका, एक फ्लॅट, एक स्लॉट. रूल है. मॉरिस व्हिजिटर पार्किंगमध्ये किती दिवस ठेवणार?"

"अरे, ती काय कोणाला चावते?" महिपतराव म्हणाले.

"चावत नाही ना, तोच प्रॉब्लेम आहे. पाहुणे येतात, तिच्याबरोबर सेल्फी काढतात. तिला हलवा म्हणायची कोणाला हिंमतच होत नाही. मग ते आपली गाडी दुसरीकडे लावतात."

"दुसरीकडे कुठे?"

"माझ्या स्लॉटमध्ये."

नियमाला एवढी घाई का होती ते तेव्हा आमच्या लक्षात आलं.

म्हणजे एक गाडी जाणार हे ठरलं. पुण्याचे एक अक्षय देवकुळे जुन्या गाड्या जमवतात, त्यांचा फोनही येऊन गेला. दोघींतली कुठलीही द्या, रविवारी दुपारी येऊन नेतो, म्हणाले. कोणती द्यायची एवढाच प्रश्न उरला, आणि तेवढ्यावर शेलारांच्या घरी आठवडाभर भाजीला मीठ पडलं नाही.

तंटा सोडवायला मला बोलावलं. माझ्याकडे गाडी नाही, लायसन्स नाही, आणि गाडीतलं मला काही कळत नाही. माझी पात्रता तीच होती. शिवाय आयुष्यभर मी काहीही कळत नसताना सगळ्यावर लिहून पेन्शन मिळवलेली असल्यामुळे सरावही होता.

"भाऊ, सरळ हिशेब आहे," चहाचा कप माझ्यापुढे सरकवत महिपतराव म्हणाले. "माझी फियाट शंभर टक्के ओरिजिनल. नट न् नट इटलीचा. हिच्या मॉरिसची डिकी बघा, दोन नारळ ठेवले तर तिसरा मांडीवर घ्यावा लागतो."

"त्या डिकीवर हसू नका," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. "त्या गाडीतून मी पाच बाया आणि एक शिलाई मशीन नेलंय. आणि ओरिजिनलचं म्हणाल तर माझ्या मॉरिसला इंग्लंड सोडल्यापासून परका स्क्रू लागलेला नाही."

"ऐकलंत? परका स्क्रू म्हणे."

"अहो, तुमच्या गाडीत बसायचं तर आधी पाठ फिरवून दाराला नमस्कार करावा लागतो. ते बोलले का मी कधी?"

"आत्ता बोललीस की."

"आज पहिल्यांदा."

"मागच्या दिवाळीतही पहिल्यांदाच बोलली होतीस."

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, आपल्या लेकराचं कौतुक कोणीही करेल. रविवारी सकाळी दोन्ही गाड्या बारवी धरणापर्यंत काढू. फक्त एकमेकांची गाडी चालवायची. महिपतराव मॉरिस, वहिनी फियाट.

मी हे थोडंसं खोडीनं म्हटलं होतं, पण गंमत मला वाटली त्यापेक्षा मोठी होती. फियाटच्या स्टिअरिंगला चाळीस वर्षांत महिपतरावांखेरीज कोणाचा हात लागला नव्हता. तिला धुवायलासुद्धा ते माणूस ठेवत नसत.

"चालेल," शेवटी ते म्हणाले. माणूस भूल द्यायला संमती देतो त्या आवाजात.

रविवारी आठला आम्ही निघालो. एप्रिलचं ऊन तेव्हाच कामाला लागलं होतं. वहिनींनी साडीचा पदर खोचला, उलट्या दारातून सराईतासारख्या आत गेल्या आणि स्टिअरिंगखालच्या दांड्यावर हात ठेवला. फियाटचा गिअर तिथे असतो, मॉरिसचा खाली जमिनीत. दांडा एकदा वर, एकदा खाली करून पाहिला, आणि गाडी अशी निघाली की जणू रोज हिच्यानंच भाजी आणतात.

"तुम्हाला येते ही?" मी शेजारच्या सीटवरून विचारलं.

"चाळीस वर्षं शेजारी बसून बघतेय. डोळ्यांनी चालवलीच आहे. हात आज लागला."

मागे पाहिलं तर मॉरिस गचके खात येत होती. गिअर बदलायची वेळ आली की महिपतरावांचा डावा हात सवयीनं स्टिअरिंगखाली जायचा, तिथल्या रिकाम्या हवेला कुरवाळायचा, मग लाजून खाली उतरायचा. तेवढ्यात गाडी बंद पडायची. बदलापूर ओलांडताना त्यांनी डावीकडे वळायचा नारिंगी हात बाहेर काढला, आणि तो आत जाईना. पुढचा सगळा सरळ रस्ता मॉरिस डावा हात लांब करून आली. एक रिक्षावाला बराच वेळ तिच्या मागे थांबून राहिला, मग शेजारून जाताना ओरडला, "ओ काका, वळा तरी, नाहीतर हात तरी खाली करा! शाळेत उभं केलंय का तिला?"

वहिनी आरशात बघून हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या.

"भाऊ, एक सांगू? मला गाडीचं एवढं नाही. म्हणजे आहे. माझे वडील काडेपेटीच्या कारखान्यातल्या परदेशी साहेबाचे ड्रायव्हर. साहेब मायदेशी निघाला तेव्हा ही मॉरिस त्यांना देऊन गेला. कॉलनीतल्या पुरुषांनासुद्धा सायकलपुढे काही येत नव्हतं तेव्हा बाबांनी मला, मुलीला, हिच्यावर शिकवलं. लोक म्हणाले, पोरीला कशाला? बाबा म्हणाले, तिला कुठे जायचं असेल तर तिनं कोणाची वाट का बघावी? उल्हासनगरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, एक दिवस कोणाची वाट नाही बघितली." त्यांनी शांतपणे गिअर टाकला. "आता मॉरिस गेली, की ही राहणार. आणि हिच्यात माझी जागा तुम्ही बसलाय ती. तिथे बसलं की विचारावं लागतं, अहो, मला जरा बहिणीकडे सोडता का."

मी त्या जागेवर जरा अंग चोरून बसलो.

धरणाच्या अलीकडे जंगलातला चढ लागतो. अर्ध्या चढावर फियाटनं खोकला काढला, दोनदा अंग झटकलं आणि थांबली. वहिनींनी हँडब्रेक ओढला. मागून मॉरिस हात काढूनच आली आणि तीही आमच्यामागे टेकली. महिपतराव तिच्यातून असे धावत आले की चढावर माणसानं, तेही सत्तरीच्या, धावू नये.

"काय केलंस तिला?"

"चढवत होते."

"चाळीस वर्षांत कधी बंद पडली नाही!"

"गेल्या वर्षी नातीच्या, अक्षदाच्या, बारशाला आपण कर्जतला टेम्पोतून गेलो, ते काय हौसेनं?"

वहिनींनी बॉनेट उघडलं. आत हात घालायला महिपतरावांनी विरोध केला, पण तो फार मनापासून नव्हता. "पंप तापलाय, पेट्रोल चढत नाही," त्या म्हणाल्या. "ओलं फडकं द्या."

मी माझा रुमाल पाण्यात भिजवून दिला. त्या तो पंपावर गुंडाळू लागल्या, आणि थांबल्या. वाकून नीट बघितलं. मग तशाच ओल्या हातानं मॉरिसकडे गेल्या, तिचं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि परत आल्या.

"अहो, हा पंप इटलीचा?"

"म्हणजे काय! नट न् नट..."

"हा मारुती व्हॅनचा आहे. आणि मध्ये बसवलेली ही पट्टी हातानं घासलेली आहे, वर पोपटी रंग."

महिपतराव बॉनेटच्या सावलीत थोडे आत सरकले. "तुला काय माहीत व्हॅनचा ते?"

"कारण माझ्याही गाडीत हाच आहे. याच पट्टीवर. याच रंगात."

मग महिपतरावांनी खिशातून फोन काढला आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये कैलासला लावला. कैलास जुन्या गाड्यांच्या सामानाचा व्यापारी. नसलेला पार्ट मागा, तो नाही म्हणत नाही, गुरुवारी या म्हणतो.

"बोलो साईं."

"कैलास, माझ्या फियाटला पंप कुठला लावलायस?"

"व्हॅन का. बढिया चल रहा है ना?"

"आणि मॅडमच्या मॉरिसला?"

पलीकडून मग सावध आवाज आला, "साब, मॅडम बाजू में है क्या?"

"आहे."

"स्पीकर पे हूँ?"

"आहेस."

"फिर तो खेल खतम." कैलासनं मोठा श्वास सोडला, आणि तो सुटकेचा होता. "देखो साब, आपने बोला था मॅडम को पता नहीं चलना चाहिए. मॅडम ने बोला था साब को पता नहीं चलना चाहिए. मैं बीच में सँडविच. आप मंगल को आते थे, मॅडम शनिचर को. पंप सेम, क्लच प्लेट सेम, हॉर्न सेम, नीचे का रबर भी सेम. मैं दो-दो बनवाता था, एक साब का, एक मॅडम का. रंग बच गया तो दोनों पे मार दिया. बॉडी छोड़ो, अंदर से दोनों सगी बहनें हैं."

महिपतरावांचा आवाज अगदी बारीक झाला. "मग इटलीचं हिच्यात राहिलं तरी काय?"

"दरवाजा, साब. वो पक्का इटली का है. उल्टा है ना, इधर कोई बनाएगा नहीं."

"आणि माझ्या मॉरिसमध्ये?" वहिनींनी पुढे होऊन विचारलं.

"वो हाथ, मॅडम. वो असली है. इसलिए अटकता है."

फोन बंद झाला. दोघं एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं आता भांडण होईल. पण आधी वहिनींचे खांदे हलायला लागले, मग महिपतरावांचे, आणि दोघं रस्त्याच्या कडेला मोरीच्या कठड्यावर बसून असे हसले की खालून येणारा एक दूधवाला मोटरसायकल थांबवून विचारायला लागला, काही झालंय का?

"मंगळवारी मला म्हणायचात, वाचनालयात जातो," डोळे पुसत वहिनी म्हणाल्या.

"आणि तू शनिवारी? हळदीकुंकू? भाऊ, दर शनिवारी हळदीकुंकू असायचं हिचं! वर्षभर! आणि मी मूर्ख, म्हणायचो काय धार्मिक बायको मिळालीय!"

हसणं ओसरल्यावर महिपतराव समोरच्या फियाटकडे बघत राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "एक गोष्ट सांगू? आज बदलापूरपासून तुमच्या मागून येत होतो. मॉरिसशी झटापट चालली होती, तरी सारखा पुढे बघत होतो. चाळीस वर्षांत मी फियाटला चालताना बघितलंच नव्हतं. मी कायम आतच. ती वळणावर जाते ना, किती डौलात जाते गं. मला माहीतच नव्हतं." थोडं थांबून म्हणाले, "आणि तू चालवत होतीस म्हणून मला दिसलं."

वहिनींनी रुमाल पुन्हा भिजवला, पंपावर ठेवला, आणि थोड्या वेळानं फियाट पहिल्या झटक्यात सुरू झाली. परीक्षा तिथे संपली होती, गाड्या बदलायला हरकत नव्हती. वहिनी उलट्या दारातून उतरायला निघाल्या तर महिपतरावांनी दार बाहेरून लावलं.

"बस. तूच घे खाली."

दुपारी अक्षय देवकुळे आले. चाळिशीचे, स्वच्छ, बोटं सर्जनसारखी. दोन्ही गाड्यांभोवती देवळात अनवाणी फिरावं तसे फिरले. मग वळून विचारलं, "मग? कोणती?"

मी घसा साफ केला. निकाल माझ्याकडे होता, आणि मी त्यावर चार चांगली वाक्यं तयार ठेवली होती.

"फियाट न्या," महिपतराव म्हणाले.

वहिनींच्या हातातला चहाचा ट्रे वाजला. "अहो, काय बोलताय?"

"विचार करून बोलतोय. फियाट ठेवली तर स्टिअरिंगवर कोण, यावरून रोज भांडण. तू मागणार, मी नाही म्हणणार, मी माझा स्वभाव ओळखतो. आज दिली, उद्या नाही देणार. मॉरिस ठेवली तर भांडणच नाही, कारण मला ती येत नाही. सगळ्या बदलापूरनं बघितलंय."

"पण तुमची फियाट..."

"तुझ्या बाबांनी तुला कोणाची वाट बघायला शिकवलं नाही. या वयात मी कशाला शिकवू?" मग माझ्याकडे बघून त्यांनी डोळे वटारले. "तुम्हा दोघांना वाटतं, उघड्या खिडक्यांच्या गाडीत बोललेलं मागच्या गाडीला ऐकू जात नाही. मोकळ्या रस्त्यावर आवाज फार छान येतो."

वहिनींनी ट्रे मॉरिसच्या बॉनेटवर टेकवला. अक्षयनं अवघडून बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा पंप तर ओरिजिनल..."

"नाही," महिपतराव ताठ होऊन म्हणाले. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच. "उल्हासनगरचा आहे."

अक्षयनं पट्टीवरून बोट फिरवलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच विचारलं, "यांचा नंबर मिळेल? माझ्याकडे सहा उभ्या आहेत, त्यातल्या पाच हलत नाहीत."

निघायच्या वेळी वहिनी म्हणाल्या, थांबा जरा. वर जाऊन आल्या तेव्हा तबकात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू होतं. लेक सासरी निघाली की भरतात तशी त्यांनी फियाटची ओटी भरली. बॉनेटला हळदकुंकू लावलं, दार उघडलं, पुढच्या सीटवर खण पसरून त्यावर तांदूळ आणि नारळ ठेवला. सुजित खाली आला होता. त्यानं पार्किंगमध्ये ओटी भरण्याबद्दल नियम आहे का ते मनात शोधलं असावं, पण सापडला नाही, तेव्हा त्यानं हात जोडले.

महिपतरावांना काही बोलायचं होतं. ते फियाटच्या नाकाडावर हात ठेवून उभे राहिले. "आईला शेवटचं तूच गावाला नेलंस," ते म्हणाले, "आमची जिज्ञासा झाली तेव्हा तिला हॉस्पिटलमधून तूच घरी आणलंस. कंपनी बंद झाली तेव्हा सहा महिने मी घरी सांगितलं नव्हतं, रोज सकाळी तुझ्यात येऊन बसायचो आनंदनगरच्या कोपऱ्यावर. कोणाला बोलली नाहीस." मग हात काढून घेतला. "थँक्यू."

वहिनींनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. सहा महिन्यांचं त्यांनाही आज कळत होतं. पुढे होऊन त्यांनीही नाकाडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्याकडूनही."

फियाट गेटबाहेर गेली. आम्ही चौघं तिकडे बघत उभे होतो. सुजितनं मोबाईलवर काहीतरी टिपून घेतलं आणि मॉरिसला स्लॉट दिला.

"कैलासला पेढे द्यायला हवेत," महिपतराव नाक शिंकरून म्हणाले.

"कसले?"

"मुलगी उजवल्याचे. अर्धी त्यानंच वाढवली होती."

संध्याकाळी आम्ही मॉरिसमधून उल्हासनगरला निघालो. वहिनी स्टिअरिंगवर, मी मागे पेढ्यांचा बॉक्स धरून. महिपतराव पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर. अंबरनाथ येईपर्यंत त्यांनी पायांनी जमिनीला ब्रेक लावले, हातांनी हवेत गिअर टाकले आणि तोंडानं सगळ्या रिक्षांना वाट दिली. "डावीकडून, डावीकडून. तिसरा टाक. अगं, तो येतोय, दिसतोय ना? हळू. आता जोरात."

वहिनींनी गाडी शांतपणे रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि त्यांच्याकडे वळल्या.

"उतरायचंय?"

"नाही."

"मग चाळीस वर्षं मी शेजारी गप्प बसले, त्याचे आभार माना आणि बसा."

महिपतरावांनी थोडा विचार केला. मला वाटतं, त्या चाळीस वर्षांतले पुष्कळ रस्ते त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत.

"आभारी आहे," ते म्हणाले.

आणि उल्हासनगरपर्यंत खरोखरच बसले.